डोक्याला लागल्यावर : मुलांच्या मैदानी खेळांतील कंकशन

डोक्याला, चेहऱ्याला, मानेला किंवा शरीराच्या दुसऱ्या एखाद्या भागाला बसलेल्या धक्क्याचा जोर मेंदूपर्यंत पोहोचून त्याच्या कामकाजात जो तात्पुरता बिघाड होतो, त्याला कंकशन म्हणतात. वैद्यकीय वर्गवारीत ही मेंदूची सौम्य इजा समजली जाते, कारण तिची तुलना कवटी फुटण्याशी किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याशी केलेली असते. ज्या मुलाला आठ-आठ दिवस पुस्तकातली ओळ धड वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने मात्र ती सौम्य नसते. रक्त येत नाही, खोक पडत नाही, हाड मोडत नाही. घरी आलेल्या मुलाकडे पाहून काही झाले आहे असे वाटतही नाही.

त्यासाठी चेंडू किंवा गुडघा थेट डोक्यावर आदळावा लागतो असे नाही. छातीवर जोराची धडक बसून मान झटक्यात मागे गेली, तरी कवटीच्या आत मेंदू हेलकावतो. डोके गरकन फिरवणारा धक्का अधिक घातक, कारण त्यात मेंदूतील पेशींचे लांब तंतू ताणले आणि पिळले जातात. आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच दूर व्हायला हवा. शुद्ध हरपली तरच मेंदूला मार बसला, असे पालक, प्रशिक्षक आणि काही डॉक्टरही धरून चालतात. प्रत्यक्षात खेळात कंकशन झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के जण क्षणभरही बेशुद्ध होत नाहीत. बेशुद्धीची वाट पाहणारा माणूस बहुतेक सगळी कंकशन नजरेआड करतो.

धक्क्यानंतर मेंदूत जे घडते त्याची साखळी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील क्रिस्टोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा यांनी २००१ मध्ये सुसंगतपणे मांडली. ताणल्या गेलेल्या पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि ग्लुटामेट हे संदेशवाहक द्रव्य एकदम मोठ्या प्रमाणात सुटते. विस्कटलेला तोल सावरण्यासाठी पेशींतील आयन-पंपांना भरमसाट ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच सुमारास मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप जास्तीत जास्त चालवायचा असतो त्याच दिवसांत वीज कमी दाबाने यावी, तशी ही अवस्था. ती काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. या काळात मेंदू आपली रोजची कामे कशीबशी निभावतो. त्यावर दुसरा धक्का सोसण्याइतकी शिल्लक त्याच्याकडे नसते.

बिघाड कामकाजातला असल्यामुळे तो छायाचित्रात दिसत नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि अस्थिभंग शोधण्यासाठी असतो, आणि ते काम तो उत्तम करतो. कंकशनमध्ये तो बहुतेक वेळा स्वच्छ येतो. “स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे पोराला काही झालेले नाही” हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो. जिवावरचा धोका तूर्त दिसत नाही, एवढेच तो अहवाल सांगतो. उद्या सामना खेळायला हरकत नाही, असे त्यात कुठेही लिहिलेले नसते.

मुलांच्या बाबतीत काळजी जास्त घ्यावी लागते, याची कारणे शरीररचनेत आहेत. धडाच्या मानाने डोके मोठे आणि मानेचे स्नायू अजून पुरते न भरलेले, त्यामुळे तेवढ्याच धक्क्याने डोके अधिक वेगाने हलते. मेंदूतील तंतूंवरचे मायलिनचे वेष्टन पौगंडावस्थेत, किंबहुना विशी उलटेपर्यंत, पूर्ण होत असते. प्रौढ खेळाडू साधारण दोन आठवड्यांत बरा होतो. मुलांना चार आठवडे लागणे नेहमीचे आहे. फुटबॉल किंवा बास्केटबॉलसारख्या, मुले आणि मुली सारख्याच नियमांनी खेळतात अशा खेळांत मुलींमध्ये कंकशनचे प्रमाण अधिक नोंदले गेले आहे. मुलींचे संघ वाढत असताना त्यांच्या प्रशिक्षकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

पाश्चात्त्य देशांत हा विषय अमेरिकन फुटबॉल, रग्बी आणि आइस हॉकी या खेळांतून पुढे आला. महाराष्ट्रातल्या मुलांचे खेळ वेगळे, पण धक्के तेच. कबड्डीत घोट्याची पकड करायला झेपावलेल्या गड्याच्या कपाळावर चढाई करणाऱ्याचा गुडघा बसतो. डुबकी मारून साखळीखालून निसटू पाहणाऱ्याचे डोके दोघांच्या मांड्यांत किंवा थेट जमिनीवर आपटते. बाजूने येऊन डॅश मारल्यावर चढाई करणारा रेषेबाहेर आडवा पडतो, आणि गावच्या स्पर्धेत रेषेबाहेर मॅट नसते. फरशी किंवा टणक माती असते. सीझन बॉलच्या क्रिकेटमध्ये बाउन्सरइतकाच धोका शॉर्ट लेगला उभ्या केलेल्या सर्वांत लहान मुलाला असतो. उंच झेलासाठी दोघे एकाच वेळी धावले की डोक्यावर डोके आदळते. मुंबईच्या आझाद मैदानासारख्या ठिकाणी एकमेकांत मिसळलेल्या मैदानांवर एकाच वेळी अनेक सामने चालतात, तिथे पाठमोऱ्या क्षेत्ररक्षकाला शेजारच्या सामन्यातला चेंडू लागू शकतो. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ ज्या ईर्ष्येने खेळतात, तिच्यात हेडरसाठी उडी घेतलेल्या दोघांची टक्कर नवी नाही. कुस्तीतली उचलून मारलेली पटक आणि मल्लखांबावरून निसटणे ही आणखी दोन ठिकाणे.

दहीहंडीचा उल्लेख वेगळा करायला हवा. तिथे पडणे हा खेळाचाच भाग मानला जातो, आणि सर्वांत वरच्या थरावर वजनाला हलके म्हणून लहान मूल चढवले जाते. २०१७ मध्ये १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेतले जाणार नाही, अशी हमी राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाला दिली. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला. जिला खेळ म्हटले, तिला खेळांतल्या दुखापतींचे सर्व नियम लागू व्हायला हवेत. हातपाय धड आहेत म्हणून कोसळलेल्या गोविंदाला पुढच्या हंडीसाठी ट्रकवर चढवणे त्या नियमांत बसत नाही.

कंकशन ओळखण्याचे काम मैदानावर सुरू होते, आणि ते बहुधा अशा माणसावर येते ज्याने वैद्यकाचा एक धडाही घेतलेला नसतो. शाळेचे पीटी सर, क्लबचा प्रशिक्षक, पंच, स्कोअर लिहिणारा मोठा मुलगा, रेषेबाहेर उभी असलेली आई. त्यांच्याकडून निदानाची अपेक्षा नाही. त्यांना फक्त शंका घेता यायला हवी. खेळातील कंकशनवर २००१ मध्ये व्हिएन्नात पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्या मालिकेतली सहावी २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झाली. या परिषदांतून दोन प्रकारची साधने तयार झाली. डॉक्टरांसाठी सविस्तर तपासणीचा नमुना, आणि सामान्य माणसासाठी ‘कंकशन रेकग्निशन टूल’ हा छोटा कागद. या दुसऱ्या कागदाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे : शंका आली की खेळाडू बाहेर.

पाहणाऱ्याला काय दिसते? पडताना हात पुढे न करता मूल लाकडासारखे कोसळते. पडल्यावर काही क्षण हालचाल करत नाही, किंवा सावकाश, दोन टप्प्यांत उठते. उठल्यावर झोकांड्या देते, डोके धरून बसते, नजर हरवलेली असते. क्षेत्ररक्षणाच्या चुकीच्या जागी जाऊन उभे राहते, चढाई कोणाची हे विसरते, आपल्याच गोलच्या दिशेने धावते. मुलाला स्वतःला काय जाणवते, ते त्याच्या शब्दांत ऐकावे लागते. “डोळ्यांपुढे काजवे चमकले”, “डोकं जड झालंय”, “कान वाजतायत”, “सगळं लांबून ऐकू येतंय”, “कसंतरीच होतंय”. मळमळ, अंधूक दिसणे, उजेड किंवा गोंगाट नकोसा होणे, उगाच रडू येणे किंवा चिडचिड होणे, हेही यातलेच. लहान मुले तक्रार शब्दांत करत नाहीत; ती गप्प बसतात, डबा खात नाहीत आणि आवडत्या खेळाकडे पाठ करून निजतात.

आज वार कोणता, तुझे नाव काय, असे विचारून फारसे कळत नाही. ही माहिती मेंदूत इतकी खोल रुजलेली असते की हादरलेले मूलही ती बरोबर सांगते. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅडॉक्स यांनी १९९५ मध्ये ताज्या घडामोडींचे प्रश्न विचारणे अधिक उपयोगी असल्याचे दाखवले. आपण कोणत्या मैदानावर आहोत, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी झाला, तो आपण जिंकलो का. क्रिकेटमध्ये मागची विकेट कोणाची पडली, कबड्डीत शेवटची चढाई कोणी केली, असे ते बदलून घेता येतात. एकही उत्तर अडखळले तर शंका पक्की. सगळी उत्तरे बरोबर आली तरी शंका फिटत नाही, आणि हा भाग प्रशिक्षकांना समजावणे सर्वांत कठीण जाते. याचे कारण लक्षणांच्या वेळेत आहे. काही लक्षणे ताबडतोब दिसतात, काही काही तासांनी, काही दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे पाहताना. दहा मिनिटे बाकावर बसवून “आता बरं वाटतंय ना?” असे विचारून परत पाठवणे म्हणूनच चूक आहे.

त्यातच मुले खरे सांगत नाहीत. अमेरिकेतील मिलवॉकी परिसरातल्या शालेय अमेरिकन फुटबॉल खेळाडूंची एक पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. कंकशन झालेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांनी, सुमारे ४७ टक्क्यांनी, ते कोणाला तरी सांगितले होते. न सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मुलांना ते सांगण्याइतके गंभीर वाटले नव्हते. ४१ टक्क्यांना मैदान सोडायचे नव्हते, आणि ३६ टक्क्यांना आपल्याला झाले ते कंकशन होते हेच ठाऊक नव्हते. पहिले आणि तिसरे कारण शिकवण्याने दूर होण्यासारखे आहे. दुसऱ्यासाठी संघातले वातावरण बदलावे लागते, कारण ‘थोडं लागलं म्हणून काय झालं’ हे वाक्य मुलाने बाहेरून ऐकलेले असते.

काही खुणा दिसल्या तर कंकशन आहे की नाही याचा विचारही करत बसू नये; १०८ ला फोन करावा किंवा थेट मोठे रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपणे, आकडी येणे, उलट्या होणे, डोकेदुखी वाढत जाणे, एकाची दोन दिसणे, हातापायांत कमजोरी किंवा मुंग्या, मानेत दुखणे, गुंगी वाढत जाणे, मूल अस्वस्थ होऊन झटापट करू लागणे, कवटीला खड्डा किंवा उंचवटा जाणवणे, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे. मान दुखत असेल किंवा मूल बेशुद्ध असेल तर त्याला जागेवरून हलवू नये. चार जणांनी हातपाय धरून उचलून सावलीत नेणे हे आपल्या मैदानांवरचे नेहमीचे दृश्य आहे, आणि मणक्याला इजा असेल तर तेच आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकते. श्वास चालू आहे ना हे पाहावे, मान सरळ धरून ठेवावी, आणि प्रशिक्षण नसलेल्याने हेल्मेट ओढून काढू नये. आकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये.

वरवर ठीक दिसणाऱ्या माणसाच्या कवटीत रक्त साठत असू शकते, हे क्रिकेटने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यातील क्लब सामन्यात भारताचे माजी कसोटीपटू रमण लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभे होते. फलंदाजाने मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. ते उठले, चालत ड्रेसिंग रूमपर्यंत गेले, बोललेही. त्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली, मेंदूत रक्तस्राव झाल्याचे निष्पन्न झाले आणि तीन दिवसांनी ते गेले. ते ३८ वर्षांचे होते. ही इजा कंकशनहून वेगळी आणि कितीतरी गंभीर. पण पहिल्या अर्ध्या तासात दोन्ही सारख्याच दिसू शकतात. डोक्याला लागलेल्या मुलाला एकटे सायकलवर घरी पाठवू नये, निदान पहिले काही तास मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, हा नियम त्यासाठीच आहे.

त्याच दिवशी पुन्हा खेळू न देण्यामागे दोन कारणे आहेत. एक दुर्मीळ आणि भयंकर, दुसरे रोजचे. दुर्मीळ कारण असे की, पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित काही मुलांचा मेंदू काही मिनिटांत अतोनात सुजतो. १९८४ मध्ये या अवस्थेला ‘सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम’ हे नाव मिळाले. ती नेमकी कशामुळे होते, दुसऱ्या धक्क्याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. ती मुख्यतः किशोरवयीन आणि तरुण खेळाडूंतच दिसली आहे, हे मात्र खरे. १२ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा मध्यंतराच्या थोडा आधी डोक्यावर आपटला, थोडा वेळ बाहेर बसला आणि उत्तरार्धात पुन्हा खेळला. सामना संपताच तो कोसळला. त्याचा जीव वाचवण्यासाठी कवटीच्या दोन्ही बाजूंचे हाड काढावे लागले. पुन्हा बोलायला आणि उभे राहायला त्याला वर्षे लागली. त्याच्या नावाने मे २००९ मध्ये झालेल्या कायद्याने तीन गोष्टी बंधनकारक केल्या. कंकशनची शंका येताच खेळाडू बाहेर काढायचा, परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखी संमतीशिवाय परत घ्यायचा नाही, आणि दरवर्षी पालक व खेळाडूंना माहितीपत्रक देऊन त्यांची सही घ्यायची. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत अशा स्वरूपाचे कायदे झाले.

कॅनडातल्या रोवन स्ट्रिंगरची हकीकत अधिक अस्वस्थ करते, कारण तिला संशय आला होता. ओटावातील ही १७ वर्षांची शालेय रग्बी संघाची कर्णधार मे २०१३ मध्ये आठवड्याभरात एकाहून अधिक वेळा डोक्याला मार लागूनही खेळत राहिली. डोके दुखत होते, ते तिने मैत्रिणींना मेसेजमधून कळवले, इंटरनेटवर कंकशनची माहितीही शोधली. मोठ्या माणसांपैकी कोणालाच सांगितले नाही. शेवटच्या सामन्यात ती मानेवर आणि डोक्यावर आपटली आणि चार दिवसांनी गेली. २०१५ च्या न्यायिक चौकशीने ४९ शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये ऑन्टारिओत ‘रोवन्स लॉ’ संमत झाला. सतरा वर्षांच्या समंजस मुलीने माहिती शोधली आणि तरीही ती खेळली. खेळायचे की थांबायचे हा निर्णय मुलावर सोडता येत नाही, यासाठी याहून मोठा पुरावा कशाला हवा?

रोजचे कारण कमी भयंकर आहे, पण प्रत्येक मुलाला लागू पडते. २०१६ मध्ये ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात ६९ तरुण खेळाडूंचा एक अभ्यास आला. धक्का बसताच ज्यांना बाहेर काढले ते सरासरी २२ दिवसांत बरे झाले. जे खेळत राहिले त्यांना ४४ दिवस लागले. सामन्याची उरलेली वीस मिनिटे वाचवण्याची किंमत तीन आठवडे. प्रशिक्षकाला मुलाच्या आरोग्याची चिंता नसून फक्त संघाची असली, तरी हा हिशेब त्याच बाजूला झुकतो.

इजेनंतरचे पहिले ४८ तास शांततेचे. शाळा, धावपळ, अभ्यास बेताने. अंथरुणात पडून राहण्याची सक्ती नको. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवण्याची पद्धत आता मागे पडली आहे. पाच दिवस सक्तीची विश्रांती दिलेल्या मुलांनी एक-दोन दिवसांची विश्रांती घेतलेल्यांपेक्षा जास्त लक्षणे सांगितल्याचे २०१५ च्या एका चाचणीत दिसले. घरात चालणे, अंगणात बसणे, थोड्या गप्पा हे पहिल्या दिवसापासून चालते. मोबाइलच्या बाबतीत मात्र ठाम राहावे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत पहिले ४८ तास स्क्रीनपासून दूर राहिलेल्यांची लक्षणे साधारण साडेतीन दिवसांत गेली. इतरांना आठ दिवस लागले.

“डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका” हा सल्ला घराघरांत दिला जातो. डॉक्टरांनी तपासून धोक्याच्या खुणा नाहीत असे सांगितले असेल, तर मुलाला झोपू द्यावे. झोप हाच मेंदूचा आराम आहे. पहिल्या रात्री मोठ्या माणसाने त्याच खोलीत निजावे, श्वास आणि अंगाची हालचाल नेहमीसारखी आहे का पाहावे, आणि डॉक्टरांनी उठवायला सांगितले असेल तरच उठवावे. टेंगूळ आले म्हणजे मार बाहेर निघाला, आत काही नाही, ही समजूतही निराधार आहे. टेंगळावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. डोकेदुखीवर वजनाच्या प्रमाणात पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये आणि आयब्युप्रोफेन सुरुवातीच्या दिवसांत टाळावे, कारण ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतात.

परतीच्या वाटेवर आधी शाळा, मग मैदान. बहुतेक मुले दहा दिवसांच्या आत पूर्ण वेळ वर्गात बसू लागतात, पण तोवर थोडी सवलत लागते. अर्धा दिवस शाळा, दर तासाला थोडा आराम, पाठांतर आणि लिखाण कमी, चाचणी परीक्षा पुढे ढकलणे. दहावीच्या वर्षात शाळेनंतर क्लास आणि क्लासनंतर गृहपाठ अशी रांग असते. त्यातला क्लास काही दिवस बंद ठेवायला पालक तयार होत नाहीत. चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी शाळेबरोबर क्लासचा उल्लेख केला तर मुलाचे काम सोपे होते.

मैदानावर परतण्याच्या सहा पायऱ्या ॲमस्टरडॅमच्या परिषदेने सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीला किमान एक दिवस द्यायचा आहे. प्रथम दैनंदिन हालचाल. मग चालणे, सायकल असा हलका आणि पुढे मध्यम व्यायाम. या टप्प्यावर डोके किंचित दुखले तरी चालते. त्यानंतर एकट्याने खेळाचा सराव : धावणे, पदन्यास, भिंतीवर चेंडू मारून झेलणे, सगळे डोक्याला धक्क्याची शक्यता नसलेले. लक्षणे पूर्ण गेल्यावरच चौथी पायरी, म्हणजे अंगाला अंग न लागणारा संघाचा सराव. मग डॉक्टरांच्या लेखी संमतीने पूर्ण सराव आणि शेवटी सामना. कुठल्याही पायरीवर लक्षणे परतली तर थांबायचे आणि एक पायरी खाली यायचे. जिथे संघाला डॉक्टर नसतो अशा हौशी खेळांसाठी ब्रिटनने २०२३ मध्ये सरळ हिशेब घालून दिला : किमान १४ दिवस लक्षणमुक्त असल्याशिवाय डोक्याला मार लागू शकेल असा सराव नाही आणि २१ दिवसांच्या आत स्पर्धात्मक सामना नाही. महाराष्ट्रातील शाळांना आणि क्लबांना हाच नियम अधिक पेलवेल, कारण तो कॅलेंडर पाहून पाळता येतो.

चार आठवडे उलटूनही डोकेदुखी, चक्कर, विसरभोळेपणा किंवा उदासी राहिली, तर खास तपासणी हवी. कधी दुखणे मानेचे असते, कधी कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे, कधी मनाचे. तिन्हींवर फिजिओथेरपी आणि समुपदेशनासारखे उपचार आहेत. नाटक करतोय, अभ्यास टाळतोय असा शिक्का मारल्याने तक्रार लपते, आजार मात्र तसाच राहतो.

हेल्मेटने कंकशन पूर्ण टळत नाही. ते कवटी, दात आणि डोळे वाचवते, म्हणून सीझन बॉलने खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर ते असलेच पाहिजे. जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या आणि स्टंपांजवळच्या कीपरच्याही. ते मापाचे हवे, जाळी आणि टोपीतली फट चेंडू शिरण्याइतकी नको, आणि एकदा जोराचा चेंडू बसलेले हेल्मेट बदलायला हवे. शाळेच्या किटमधले पिढ्यान्पिढ्या चालत आलेले एकच सैल हेल्मेट नसल्यातच जमा. इजा कमी करण्यात खरा मोठा वाटा नियमांचा असतो. लहान वयोगटांत अंगावर धडक देण्यास बंदी घातल्यावर आइस हॉकीतील कंकशन निम्म्याहून कमी झाली. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने १० वर्षे आणि त्याखालील मुलांना हेडर बंद केले. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढले. कबड्डीत खालच्या वयोगटांसाठी डॅशचे आणि रेषेबाहेरच्या मोकळ्या जागेचे नियम कडक करणे संघटनांच्या हातात आहे.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटने १ ऑगस्ट २०१९ पासून कंकशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू देण्याची सोय केली. १४ जानेवारी २०२० रोजी वानखेडेवर ऋषभ पंत यांच्या हेल्मेटला चेंडू लागल्यावर त्यांनी यष्टिरक्षण केले नाही, के. एल. राहुल उभे राहिले. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात शिवम दुबे यांच्या जागी हर्षित राणा आले, तेव्हा चर्चा रंगली ती फलंदाज अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालेल यावर. डोक्याला लागलेला माणूस बाहेर बसला, ही मूळ गोष्ट मागे राहिली. शालेय स्पर्धांत अशी बदली मिळत नसेल, तर दहा जणांत खेळण्याच्या भीतीने प्रशिक्षक मुलाला परत पाठवतो. नियमावलीत एक कलम वाढवून तो मोह काढून टाकता येतो.

बाकीची तयारी कमी खर्चाची आहे. स्पर्धा सुरू होण्याआधी ठरवायचे की खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो माणूस शक्यतो संघाचा प्रशिक्षक नसावा. जवळचे सीटी स्कॅन असलेले रुग्णालय कोणते, रात्री ते उघडे असते का, गाडी कोणाची, पालकांचे फोन कोणाकडे. कंकशनच्या खुणांचा मराठीतला एक कागद स्कोअरबुकला जोडलेला असावा. आणि एक नोंद ठेवावी लागते : मुलाचे नाव, तारीख, काय झाले, काय दिसले, डॉक्टरांनी काय सांगितले. एकच मुलगा शाळेकडून, क्लबकडून आणि सुट्टीत सोसायटीच्या संघाकडून खेळतो. शाळेच्या सामन्यात डोक्याला लागले, हे क्लबच्या सरांना कळत नाही, आणि शनिवारी बाहेर बसवलेला मुलगा रविवारी दुसऱ्या मैदानावर सलामीला उतरतो. ती नोंद पालकांच्या हातात दिली आणि तो ज्या ज्या संघातून खेळतो त्या प्रत्येकाला त्याच संध्याकाळी कळवली, तरच २१ दिवस खऱ्या अर्थाने २१ दिवस राहतात.